जुनी माशांची टाकी घरी आणली? शेवाळ आणि क्षार असे काढा

सोलापुरात वापरलेली फिश टँक स्वस्तात मिळते. कुणाची बदली झालेली असते, कुणाच्या घरी दहावी-बारावीचं वर्ष सुरू झालेलं असतं, कुणी मोठी टाकी घेतलेली असते. मग दोन-तीन फुटांची टाकी जिन्याखाली किंवा गच्चीवर धूळ खात पडते आणि शेवटी तुमच्यापर्यंत येते. काचेवर हिरवट-काळे डाग, वरच्या बाजूला पांढरी जाड रेघ, फिल्टरवर चुन्यासारखं काहीतरी. ते बघून नवा माणूस भांड्याची तारेची घासणी घेतो आणि जोर लावतो. तिथेच टाकी वाया जाते.

एक फरक आधी समजून घ्या. पांढरं असतं ते क्षार. ते घासून निघत नाहीत, विरघळवावे लागतात. हिरवं, तपकिरी, काळं असतं ते शेवाळ. ते मऊ करून खरवडायचं असतं. दोघांचे उपाय वेगळे आहेत. क्षारांसाठी लागणारं व्हिनेगर आणि शेवटी गरज पडली तर लागणारं ब्लीच एकत्र करणं जिवावर बेतू शकतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

आपल्याकडे क्षार एवढे का बसतात

शहराला उजनीचं पाणी येतं, पण ते काही दिवसांआड. मधल्या दिवसांत वापराला बोअरचंच पाणी असतं आणि टाकी बहुतेक घरांत त्याच पाण्याने भरली जाते. आपल्या काळ्या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर विरघळलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं उडून जातं. पाण्याची वाफ होते, क्षार काचेवर राहतात. कमी झालेलं पाणी आपण पुन्हा बोअरच्याच पाण्याने भरतो, म्हणजे आणखी क्षार घालतो. पाण्याच्या पातळीवर ती पांढरी रेघ वर्षानुवर्षं जाड होत जाते, ती अशी. बाथरूमच्या नळावर बसतो तोच हा थर आहे, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. सौम्य आम्लात तो विरघळतो, ही आपल्या सोयीची गोष्ट.

काय काय लागेल

- पांढरं व्हिनेगर, २ ते ३ बाटल्या. किराणा दुकानात मिळणारं साधं, बिनरंगी. त्याऐवजी लिंबूसत म्हणजे सायट्रिक ॲसिडही चालतं: १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे.
- नवा स्पंज किंवा जुना सुती पंचा. भांडी घासलेला स्पंज नको, त्यात साबण मुरलेला असतो.
- दाढीचं नवं, न गंजलेलं पातं आणि ते धरायला होल्डर. नुसतं पातं बोटांत धरू नका.
- टिश्यू पेपर, पातळ प्लास्टिकचा कागद, मऊ टूथब्रश.
- रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा.
- थर्माकोलची शीट, टाकीच्या तळाएवढी.
- वर्तमानपत्राची रद्दी, चिकटपट्टी.
- एक जुनी सोलापुरी चादर. खाली अंथरायला यासारखं दुसरं काही नाही.
- ॲक्वेरियमच्या दुकानातलं अँटीक्लोरीन, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध.
- गरज पडली तरच: साधं, सुवास नसलेलं द्रव ब्लीच.

साबण, भांड्यांचं लिक्विड, फिनेल, काचा पुसायचा स्प्रे हे या यादीत मुद्दाम नाही. साबणाचा अंश खडीत, स्पंजमध्ये, कोपऱ्यांत अडकून राहतो आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. ज्या बादलीत कधी साबणाचं पाणी होतं तीही वापरू नका. माशांसाठी एक बादली कायमची वेगळी ठेवा आणि घरात सगळ्यांना तसं सांगून ठेवा.

१. पैसे देण्याआधी टाकी बघा

डागांकडे नंतर बघा, आधी सांधे बघा. काचा जिथे जुळतात तिथल्या सिलिकॉनवर बोट फिरवा. ते रबरासारखं लवचिक लागलं पाहिजे. कडा उचकटलेल्या असतील, पांढरट पापुद्रे सुटत असतील, तर गळतीची शक्यता मोठी. सिलिकॉनच्या वर शेवाळ असेल तर काळजी नाही. पण सिलिकॉन आणि काच यांच्या *मध्ये* हिरवी छटा शिरलेली दिसली, तर तिथला सांधा सुटायला लागला आहे असं समजा. ती हिरवी छटा कुठल्याच साफसफाईने जाणार नाही.

काच उजेडाकडे धरून चिरा शोधा. कोपऱ्यातली केसाएवढी चीरसुद्धा नको. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टाकीत साधारण ५६ लिटर पाणी बसतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ५६ किलो. त्या काचेवर काय भार येतो ते ध्यानात ठेवा.

टाकी काचेची आहे की ॲक्रिलिकची, हेही पाहून घ्या. ॲक्रिलिक हलकी असते, टिचकी मारली की बद्द आवाज येतो. तिच्यावर पातं अजिबात चालत नाही, मऊ कापडच वापरावं लागतं.

मालकाला सरळ विचारा, "यातले मासे कशाने गेले? औषध कुठलं टाकत होता?" मासे रोगाने मेले असतील तर सहाव्या टप्प्यातलं ब्लीच करावंच लागेल. तांबं असलेलं औषध वापरलं असेल आणि तुम्हाला झिंगे किंवा गोगलगायी ठेवायच्या असतील, तर ती टाकी घेऊ नका. तांब्याचा थोडासा अंशही त्यांना मारतो.

२. घरी आणताना

टाकी पूर्ण रिकामी करूनच उचला. "थोडं पाणी आणि खडी राहू दे की, जवळच तर जायचंय" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका; पाणी एका बाजूला हिंदकळलं की सांधे ताणले जातात. तळाला दोन्ही हात घालून उचलायची, वरच्या पट्टीला धरून नाही. छोट्या हत्तीत आणत असाल तर खाली चादरीची जाड घडी घाला आणि टाकी उभी ठेवा.

आत जुनं पाणी आणि वनस्पती असतील तर त्या सिद्धेश्वर तलावात, कंबर तलावात किंवा ओढ्यात सोडू नका. नको असलेले मासेही नाही. जलपर्णी कशी पसरते हे कंबर तलावाकाठच्या लोकांना सांगायला नको, आणि टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा उजनीच्या मच्छीमारांची जाळी फाडतोय. वनस्पती कडक उन्हात वाळवून कचऱ्यात टाका, मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. औषध न टाकलेलं जुनं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना ते चांगलं मानवतं.

३. आधी गळती तपासा, मग घासा

बहुतेक लोक टाकी आधी चकचकीत करतात आणि मग कळतं की ती गळते. उलट करा. पाणी भरून ठेवल्याने दोन कामं होतात: गळती कळते आणि वाळलेलं शेवाळ भिजून मऊ होतं. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात हे महत्त्वाचं आहे.

टाकी सपाट फरशीवर, थर्माकोलच्या शीटवर ठेवा. तळाच्या चारही बाजूंनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या पसरा. आधी पाव टाकी भरा, अर्धा तास थांबा. मग अर्धी, मग पूर्ण. बाहेरची काच कोरडी पुसा आणि पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावून खूण करा. किमान २४ तास ठेवा, शक्य असेल तर ४८.

उन्हाळ्यात पातळी थोडी खाली येईलच. कागद कोरडा असेल तर ती वाफ, कागद ओला असेल तर गळती. गळती सापडली तर वरून थोडं सिलिकॉन चोपडून काम भागत नाही, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही. आतलं जुनं सगळं कापून काढून पूर्ण नवी ओळ भरावी लागते. त्यासाठी ॲक्वेरियमला चालणारं शुद्ध सिलिकॉन घ्या. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन नको, त्यातली रसायनं माशांना विषारी असतात. टाकी अडीच-तीन फुटांपेक्षा मोठी असेल तर हे काम टाक्या बनवणाऱ्याकडे द्या.

तपासणी झाली की थोडं पाणी आत राहू द्या, बाकीचं उपसून बादल्यांत भरून ठेवा. शेवाळ काढायला तेच वापरायचं आहे.

४. शेवाळ खरवडणं

सगळ्यात आधी तळात उरलेली वाळू-खडी पूर्ण काढा आणि काच पाण्याने धुऊन घ्या. क्षारांचा थर काचेपेक्षा मऊ असतो, त्याने काचेला ओरखडे जात नाहीत. वाळूचा कण मात्र काचेपेक्षा कठीण असतो. स्पंजखाली असा एकच कण अडकला तर प्रत्येक हाताबरोबर एक रेघ उमटते आणि ती कायमची राहते. म्हणून स्पंज दर थोड्या वेळाने स्वच्छ पाण्यात पिळून घ्या.

तपकिरी थर नुसत्या स्पंजने निघून येतो. हिरवे टिपके घट्ट असतात, त्यांना पातं लागतं. काच ओली ठेवायची, पातं काचेला जवळजवळ टेकवून, तिरकं धरायचं आणि एकाच दिशेने पुढे ढकलायचं. मागे-पुढे करायचं नाही. सिलिकॉनच्या सांध्यापासून बोटभर अंतर ठेवा. एकदा पातं सांध्यात घुसलं की तिथून गळती सुरू होते. कोपऱ्यांसाठी मऊ टूथब्रश आहे.

काळ्या दाढीसारखं शेवाळ बहुतेक वेळा काचेवर कमी आणि फिल्टरच्या नळ्यांवर, सजावटीच्या दगडांवर जास्त असतं. तिथे डोकं खाजवत बसू नका. नळ्या स्वस्त असतात, बदलून टाका. निळसर-हिरवा, बुळबुळीत, कुबट वासाचा थर दिसला तर ते शेवाळ नसून जिवाणू असतात. तशा टाकीला सहावा टप्पा लागेल.

५. क्षार विरघळवणं

हे काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत करा. उन्हात व्हिनेगर मिनिटांत वाळतं आणि काही उपयोग होत नाही. शिवाय तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकते. गच्चीवरून नुकतीच खाली आणलेली टाकी आधी तासभर सावलीत गार होऊ द्या.

पांढऱ्या डागावर व्हिनेगरचा एक थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेटच आहे, काम सोपं होईल. नखाने डाग उंच लागत नसेल, थेंबानेही काही होत नसेल, तर काचच झिजलेली असण्याची शक्यता आहे. तो डाग जाणार नाही. पण पाणी भरल्यावर आतल्या बाजूचे असे डाग आणि ओरखडे बरेच कमी दिसतात, त्यामुळे टाकी टाकून देऊ नका.

आता खरी युक्ती. उभ्या काचेवर व्हिनेगर टाकलं तर ते ओघळून जातं, आणि माणूस पुन्हा घासायला लागतो. तसं न करता चादर अंथरून टाकी हळूच आडवी करा, म्हणजे डाग असलेली काच खाली सपाट येईल. दोन फुटांपेक्षा मोठी टाकी दोघांनी मिळून वळवा. त्या काचेवर टिश्यू पेपरच्या दोन-तीन घड्या पसरा, त्यावर व्हिनेगर ओता, कागद पूर्ण भिजू द्या आणि वर प्लास्टिकचा कागद झाका. क्षारांची रेघ वरच्या कडेजवळ असते, तिथे कागद जास्त जाड ठेवा. अर्धा ते एक तास राहू द्या. मधे एकदा उचलून पाहा, कागद वाळत असेल तर पुन्हा व्हिनेगर घाला.

मग कागद काढा आणि ओल्या काचेवरूनच स्पंज फिरवा. पातळ थर पुसला जाईल. जाड थराचा वरचा भाग मऊ झालेला असेल, तो पात्याने सोलून घ्या आणि उरलेल्यावर पुन्हा भिजलेला कागद ठेवा. दहा-बारा वर्षं जुन्या थराला तीन-चार फेऱ्या लागू शकतात. फेऱ्या वाढवा, जोर वाढवू नका. एक काच झाली की टाकी वळवून दुसरी.

इथे एक कळकळीची विनंती. "बाथरूमचं ॲसिड मार, एका मिनिटात साफ होतं" असा सल्ला हमखास मिळेल. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. साफ होतं हे खरं, पण त्याचा धूर छातीत जातो, हात भाजतात, आणि आधी किंवा नंतर ब्लीच वापरलं गेलं तर जीवघेणा वायू तयार होतो. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुधा तेच ॲसिड असतं. माशांच्या टाकीला त्याची काहीही गरज नाही.

शेवटी टाकी साध्या पाण्याने तीन-चारदा धुवा आणि कोरडी पुसा. हे धुणं पाणी येण्याच्या दिवशी ठेवलं तर बरं; बोअरच्या पाण्याने धुऊन टाकी तशीच वाळू दिली तर नवे पांढरे ठिपके उमटतात. व्हिनेगरचं पाणी कुंड्यांत घालू नका, मोरीत सोडा.

६. ब्लीच, पण गरज असेल तरच

आधीचे मासे रोगाने गेले असतील, टाकीला कुबट वास असेल किंवा मागचा इतिहासच माहीत नसेल, तर निर्जंतुक करा. टाकी दिसायला स्वच्छ आहे आणि मालक ओळखीचा आहे, तर हा टप्पा सोडला तरी चालतो.

व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. लिंबूसत, बाथरूमचं ॲसिड, टॉयलेट क्लीनर यांनीही तेच होतं. अमोनिया असलेल्या काचेच्या स्प्रेबरोबर ब्लीच मिसळलं तर दुसरा विषारी वायू तयार होतो. म्हणून व्हिनेगरचं काम संपल्यावर टाकी भरपूर धुवा, एक दिवस पूर्ण वाळू द्या, स्पंज आणि बादली वेगळी घ्या आणि मगच ब्लीचची बाटली उघडा. काम अंगणात किंवा गच्चीवर करा. लहान मुलं आणि दम्याचा त्रास असलेली माणसं जवळ नकोत. कधी डोळे झोंबले, घसा धरला, तर आवरत बसू नका. आधी मोकळ्या हवेत जा, आणि त्रास थांबला नाही तर दवाखाना गाठा.

प्रमाण: ५ लिटर पाण्यात २५० मिलिलिटर ब्लीच. टाकी भरायची गरज नाही. या पाण्यात बुडवलेल्या कापडाने आतल्या सगळ्या काचा १० ते १५ मिनिटं ओल्या ठेवा आणि धुऊन टाका. मग पाण्यात अँटीक्लोरीन बाटलीवर लिहिल्यापेक्षा थोडं जास्त टाकून शेवटचं धुणं करा आणि टाकी वाळवा. नाक जवळ नेऊन वास घ्या. ब्लीचचा जरासा जरी वास आला तरी पुन्हा धुवा.

पांढरी ब्लीचिंग पावडर स्वस्त असली तरी इथे नको. तिच्यात चुना असतो आणि तो काचेवर नवा पांढरा थर सोडतो. पोटॅशियम परमँगनेटही नको, त्याने सिलिकॉन तपकिरी पडतं.

७. खडी, फिल्टर, हीटर

खडी बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवा. दगड उकळू नका, आत ओल अडकली असेल तर ते फुटतात. रंगीत खडीचा रंग सुटत असेल तर फेकून द्या. प्रत्येक प्रकारच्या दगडावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहा: बुडबुडे आले तर तो दगड पाण्यात विरघळत राहून पाणी आणखी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, करेल. संगमरवराचे तुकडे असे फसफसतात, आपला काळा दगड सहसा फसफसत नाही.

फिल्टरची आणि एअर पंपाची वायर आधी सॉकेटमधून काढा. फिल्टर उघडून आतलं फिरणारं चुंबक बाहेर काढा. जुना फिल्टर घरघरतो तो बहुतेक तिथे क्षार बसल्यामुळेच. चुंबक आणि प्लास्टिकचे भाग व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून टूथब्रशने घासा. मोटरचा भाग बुडवू नका. दिव्याचं झाकण ओल्या कापडाने नुसतं पुसायचं. सोलापुरात हीटर थंडीच्या रात्रींपुरताच लागतो, त्यामुळे जुना हीटर वर्षानुवर्षं नुसता पडून असतो. त्याच्या काचेला चीर असेल किंवा आत ओल दिसत असेल तर लावून बघण्याच्या फंदात पडू नका, बदला. चालू हीटर पाण्याबाहेर काढू नका. बंद केल्यावर वीस मिनिटं गार होऊ द्या, मग हात लावा.

टाकीबरोबर जिवंत, निरोगी मासे आले असतील तर फिल्टरचा स्पंज धुऊ नका. तो त्याच टाकीच्या पाण्यात ओला ठेवा, त्यात उपयोगी जिवाणू असतात. मासे रोगट असतील तर स्पंज टाकून नवा घ्या.

८. भरताना आणि नंतर

टाकी थर्माकोलवर, सपाट आणि मजबूत स्टँडवर ठेवा. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळा, नाहीतर काढलेलं शेवाळ महिन्याभरात परत येईल. दिवा रोज ६ ते ८ तास पुरतो. सगळ्या वायरी सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाण्याचा ओघळ सॉकेटपर्यंत जात नाही.

पाण्यात अँटीक्लोरीन घाला आणि फिल्टर चालू करा. मासे लगेच आणू नका. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्या काळात चिमूटभर खाद्य टाकत राहा; ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खायला मिळतं. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट शून्य येतात का, हे टेस्ट किटने पाहा आणि मग दोन-तीन मासे सोडा. बोअरच्या जड पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी छान राहतात. निऑन टेट्रा किंवा डिस्कस यांना मऊ पाणी लागतं. त्यांच्यापासून सुरुवात नको.

वाफेने कमी झालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. पूर्ण टाकी मात्र नुसत्या आरओने भरू नका, माशांना थोडे क्षार लागतात. आठवड्याला पाव पाणी बदलाल तेव्हा, पातळी खाली असतानाच, वरची रेघ ओल्या कापडाने पुसून घ्या. तरीही पांढरं राहिलं तर कापडाच्या टोकाला किंचित व्हिनेगर लावून तेवढीच जागा पुसा, आणि लगेच साध्या पाण्याच्या कापडाने पुन्हा पुसा. मासे आत असताना काचेवर व्हिनेगर फवारायचं नाही, ब्लीच तर टाकीच्या आसपासही आणायचं नाही.